हायस्कूलच्या अल्टिमेट फ्रिस्बी टीमचं स्वयंसेवी कोचिंग : पहिले पाच आठवडे कसे आखावेत?

एडिसनकर

न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये अल्टिमेट फ्रिस्बीचा (तबकडी, म्हणजे डिस्क, एकमेकांकडे फेकत समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलून गोल करायचा सांघिक खेळ) क्लब आहे. आधीच्या कोच दुसऱ्या गावी गेल्यामुळे या वसंतात आम्ही दोन पालक ही जबाबदारी घेतोय. शाळेतल्या एक शिक्षिका सल्लागार म्हणून सोबत आहेत. आम्हा दोघांना खेळ येतो, पण मुलांना शिकवलेलं नाही.

टीम मिक्स्ड आहे, एकूण २२ मुलं-मुली. त्यातले ६ जण आधी खेळलेले, बाकीच्यांनी डिस्क फक्त समुद्रकिनाऱ्यावर फेकलेली. आठवड्यातून दोन सराव, प्रत्येकी ९० मिनिटं, आणि तेही सॉकरच्या अर्ध्या मैदानावर. पहिला सामना पाच आठवड्यांवर आलाय. शाळेच्या लेखी हा क्लब आहे, व्हर्सिटी खेळ (शाळेच्या अधिकृत टीमचा खेळ) नाही, त्यामुळे अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती बघणारा तज्ज्ञ) मिळणार नाही.

विचारायचंय ते असं : ९० मिनिटं कशी वापरावीत? सामान किती लागेल? आक्रमण-बचावाचं नेमकं काय आणि किती शिकवावं? पंच नसलेल्या खेळात वाद झाला तर कोचने काय करायचं? आणि कागदपत्रांचं काय काय आधी उरकावं लागतं?

सिअ‍ॅटलचा_पाऊस

पाच आठवडे म्हणजे दहा सराव, एकूण पंधरा तास. त्यातला बराच वेळ थ्रो आणि कॅचला द्या. नवख्या टीमच्या हातून डिस्क जाते ती बहुतेक वेळा दहा-पंधरा यार्डांच्या साध्या पासवर. डावपेच कितीही चांगले आखा, तो पास पोचला नाही तर त्यांचा उपयोग होत नाही.

आधी सामान. १७५ ग्रॅमच्या डिस्क १६ घ्या : दोघांत एक याप्रमाणे ११ आणि पाच जादा. मैदानावर ११ पैकी दोन-तीन कायम कुंपणापलीकडे किंवा झाडीत असतात. दुकानातली हलकी खेळण्याची डिस्क चालत नाही, वाऱ्यात ती भरकटते आणि मुलांच्या मनगटाला चुकीचं वजन सवयीचं होतं. मैदान आखायचे बुटके प्लास्टिकचे कोन २४. बिब्ज (टीम ओळखू याव्यात म्हणून वरून घालायची रंगीत बंडी) विकत घेऊ नका, प्रत्येकाला एक पांढरा आणि एक गडद टी-शर्ट आणायला सांगा. बूट सॉकरचे, मोल्डेड स्टडवाले. धातूचे स्पाइक नकोत.

९० मिनिटं साधारण अशी : १० मिनिटं वॉर्म-अप, २५ मिनिटं थ्रो, १५ मिनिटं एकच ड्रिल, ३० मिनिटं छोटे सामने, शेवटची १० मिनिटं स्ट्रेचिंग करता करता एका नियमावर चर्चा. एका सरावात दोन-तीन नवी ड्रिल घालण्याचा मोह होतो. तो टाळा. नवं ड्रिल समजावण्यातच आठ-दहा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ २२ मुलं उभी राहतात.

सॉकरच्या अर्ध्या मैदानात ६० बाय ३० यार्डांची दोन छोटी मैदानं शेजारी शेजारी बसतात. दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन (जिथे डिस्क झेलली की गोल होतो ते पट्टे) आखा आणि पाच विरुद्ध पाच खेळवा. वीस जण एकाच वेळी खेळतात, दोघं बदली. सात विरुद्ध सात चौथ्या आठवड्यापर्यंत लांबणीवर टाकलं तरी चालेल. पाचात प्रत्येकाच्या हाती डिस्क येते. सातात नवखी मुलं कडेला धावत राहतात आणि जुनी सहा जणं आपापसात खेळतात.

आता फोरहँड (फेकणाऱ्या हाताच्याच बाजूने केलेला थ्रो; शरीरासमोरून दुसऱ्या बाजूने केलेला तो बॅकहँड), कारण सगळी गाडी तिथेच अडते. तर्जनी आणि मधलं बोट डिस्कच्या खाली, मधल्या बोटाचं पेर आतल्या कडेला घट्ट टेकलेलं, अंगठा वर. कोपर बरगडीजवळ. ताकद मनगटाच्या झटक्यातून येते. नवखं मूल अख्खा हात फिरवतं, त्यामुळे डिस्कला फिरकी मिळत नाही, ती थरथरत जाते. दुसरी हमखास दिसणारी चूक म्हणजे सोडताना डिस्कची बाहेरची कड वर उचलली जाते. उजव्या हाताने फेकलेली अशी डिस्क डावीकडे कलंडून जमिनीत घुसते. बाहेरची कड किंचित खाली ठेवायला सांगा. सुधारणा करायची तर आधी अंतर कमी करा : दोघं समोरासमोर उजवा गुडघा टेकून, पाच यार्डांवर, कोपर कमरेला चिकटवून फक्त मनगटाने वीस थ्रो. मग उभं राहून दहा यार्ड. दहावर सरळ जायला लागली की पंधरा. वीस यार्डांची घाई केली की हात पुन्हा फिरायला लागतो.

पिव्हट, म्हणजे एक पाय रोवून दुसरा फिरवणं, तेही पहिल्याच दिवशी. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय जमिनीत रोवलेला, फोरहँडला उजवा पाय उजवीकडे बाहेर, बॅकहँडला तोच उजवा पाय शरीरासमोरून डावीकडे. बरीच मुलं फोरहँडला डावा पाय पुढे टाकतात. सामन्यात ते ट्रॅव्हल, म्हणजे रोवलेला पाय हलवल्याचा नियमभंग, ठरतं.

कॅच छातीच्या उंचीवर असेल तर दोन्ही तळव्यांत दाबून पॅनकेक. एका हाताने झेलण्याची हौस सरावात पहिले तीन आठवडे बंद ठेवा. डिस्क डोक्यावरून किंवा गुडघ्याखालून आली तर दोन्ही हातांनी कड पकडायची.

नियमावली_उशाशी

कागदपत्रांचं आधी बघा, कारण त्यात दिवस जातात आणि ती नसतील तर मैदानावर उतरता येत नाही.

तुमची लीग किंवा स्पर्धा यूएसए अल्टिमेटच्या (अमेरिकेतल्या या खेळाच्या संघटनेच्या) छत्राखाली असेल तर दोन्ही कोचना तिथली कोच म्हणून सदस्यता, पार्श्वभूमी तपासणी, सेफस्पोर्टचं (खेळाडूंवरचे अत्याचार रोखण्याचं) ऑनलाइन प्रशिक्षण आणि कन्कशनचं (डोक्याला मार लागून मेंदूला होणाऱ्या इजेचं) प्रशिक्षण लागतं. शाळेच्या डिस्ट्रिक्टची स्वयंसेवकांसाठीची तपासणी वेगळी असते, बोटांचे ठसे द्यावे लागू शकतात. एकीकडचं झालं म्हणजे दुसरीकडचं झालं असं होत नाही. सल्लागार शिक्षिकांना आजच विचारा.

मुलांशी संपर्काचे नियम पहिल्या दिवसापासून पाळा. एकट्या मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, दुसरा प्रौढ त्यात असलाच पाहिजे. पालकांचा आणि मुलांचा एकच ग्रुप करा, त्यात शिक्षिकाही हव्यात. सामन्याहून परतताना एखाद्याचे पालक आले नाहीत म्हणून त्याला एकट्याला गाडीत घेऊन निघायचं नाही. पालकांची लेखी परवानगी आधी घेतलेली असावी, किंवा दुसरा प्रौढ सोबत असावा. न्यू जर्सीत मुलावर अत्याचार होतोय असा रास्त संशय आला तर कळवणं प्रत्येक प्रौढाला कायद्याने बंधनकारक आहे. 'मी तर फक्त स्वयंसेवक' ही सबब तिथे चालत नाही.

ट्रेनर नाही म्हणजे तुम्हीच पहिले मदतनीस. दोघांपैकी किमान एकाने सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) आणि एईडीचं (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचं) प्रशिक्षण घ्या. शाळेतलं एईडी कुठे आहे आणि संध्याकाळी त्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे स्वतः चालत जाऊन बघा. पाचनंतर इमारत बंद होत असेल तर भिंतीवरच्या यंत्राचा काही उपयोग नाही. बॅगेत बर्फाच्या पिशव्या, इलॅस्टिक बँडेज, बोटांसाठी टेप, ग्लोव्हज आणि प्रत्येक मुलाचा इमर्जन्सी फॉर्म कागदावर. अस्थमा, मधमाशीची अ‍ॅलर्जी आणि इनहेलर किंवा एपिपेन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) कोणाच्या बॅगेत आहे, एवढं त्यावर ठळक लिहा.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलेलं, चक्कर आलेलं किंवा नुसतंच 'बरोबर नाही' असं वाटलं तर त्या दिवशी खेळ बंद. परत यायचं ते डॉक्टरांच्या लेखी परवानगीने आणि टप्प्याटप्प्याने. मूल 'मी ठीक आहे' म्हणेल, सामना अटीतटीचा असेल, तरीही नाही. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

खुंटावरची_हुलकावणी

पुण्याहून लिहितेय. इथे आम्ही जागतिक महासंघाच्या, म्हणजे डब्ल्यूएफडीएफच्या नियमांनी खेळतो आणि तुमच्याकडे यूएसए अल्टिमेटचे नियम. मैदानाची मापंही वेगळी : आमचं १०० बाय ३७ मीटर, तुमचं ११० बाय ४० यार्ड. मुलं यूट्यूबवर जागतिक स्पर्धांचे सामने पाहून येतात आणि तिथला नियम सामन्यात सांगतात. म्हणून सरावातली चर्चा तुमच्या लीगच्या छापील नियमांवरूनच करा.

मला सांगायचंय ते कटबद्दल, म्हणजे बचावपटूला चकवून पास घेण्यासाठी मारलेल्या धावेबद्दल. नवखी मुलं डिस्कच्या दिशेने अर्धवर्तुळात धावतात, वेग कमी न करता. बचाव करणाऱ्याला असं वळण आधीच कळतं. मराठी पालकांनी खो-खो पाहिलेला असतो, म्हणून म्हणते : खुंटाजवळ पळणारा जशी हुलकावणी देतो, तसाच कट असतो. आधी एका बाजूला पूर्ण वेगाने आणि मनापासून धावायचं, मग दोन-तीन आखूड पावलांत ब्रेक, कंबर खाली, बाहेरचा पाय रोवून उलट्या दिशेला झेप.

ड्रिल साधं आहे. थ्रोअरपासून १५ यार्डांवर एक कोन, त्याच्या पुढे ८ यार्डांवर दुसरा. मूल पहिल्या कोनापासून दुसऱ्याकडे जीव खाऊन पळतं, तिथे वळून तिरकं परत येतं आणि धावतच डिस्क घेतं. थांबून घेतलेली डिस्क मोजायची नाही, कारण सामन्यात तेवढ्यात बचावपटू पुढून हात घालतो. एका रांगेत पाचपेक्षा जास्त मुलं नकोत, त्यामुळे चार रांगा करा.

वॉर्म-अपमध्ये उडी मारून दोन्ही पायांवर उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं आणि ब्रेक मारणं हे व्यायाम रोज घ्या. उतरताना गुडघा आत झुकला की तिथेच थांबवून दुरुस्त करा. या वयात, विशेषतः मुलींमध्ये, एसीएलची (गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाची) दुखापत अशाच उतरण्यात आणि वळण्यात होते. फुटबॉलसाठी बनवलेला फिफा ११+ हा वॉर्म-अप इथेही लागू पडतो. पूर्ण केला तर साधारण २० मिनिटं लागतात, तुम्ही त्यातला ताकदीचा आणि उड्यांचा भाग उचला.

स्टॅकमधला_पाचवा

आक्रमणाबद्दल. व्हर्टिकल स्टॅक (आक्रमकांची उभी ओळ) शिकवा, हॉरिझाँटल (आडवी ओळ) पुढच्या वर्षी. व्हर्टिकलमध्ये एकाच्या हाती डिस्क, एक डंपला (मागे, अडचणीतला सोपा पास घ्यायला) आणि पाच जण मैदानाच्या मध्यावर एका ओळीत. पहिला माणूस डिस्कपासून १२ ते १५ यार्डांवर, पुढचे एकमेकांपासून तीन-चार यार्डांवर. कोणाची पाळी हे स्पष्ट असतं : ओळीतला शेवटचा आधी धावतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. ओळ हळूहळू डिस्ककडे सरकते आणि धावायला जागाच उरत नाही. दोन-तीन जण एकदम धावतात आणि प्रत्येकाचा बचावपटू दुसऱ्याच्या पासमध्ये येतो. आणि सगळ्यात वाईट, पास न मिळालेलं मूल मोकळ्या जागेतच हात वर करून उभं राहतं. तिसऱ्यासाठी एकच सूचना पुरते : तीन पावलांत डिस्क आली नाही तर बंद बाजूने (जिकडचे पास मार्कर, म्हणजे फेकणाऱ्याला अडवणारा बचावपटू, रोखतो) परत ओळीच्या शेवटी. काठावरून 'क्लिअर!' एवढाच शब्द ओरडा.

डंप-स्विंग (मागे पास आणि तिथून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला पास) दुसऱ्या आठवड्यात सुरू करा. हाती डिस्क आली की दहा सेकंद मिळतात, मार्कर मोठ्याने मोजतो. नवखं मूल सातपर्यंत पुढेच बघत राहतं, आठला घाबरतं आणि नऊला हवेत फेकून देतं. नियम करून टाका : मोजणी पाचवर आली की छाती डंपकडे वळवायची आणि सहाला पास द्यायचा. डंपवाला थोडा मागे, पाच-सात यार्डांवर. तिथून पुढचा पास मैदानाच्या दुसऱ्या बाजूला. ड्रिलसाठी दोन आक्रमक आणि दोन बचावपटू पुरतात. मार्करने मोजणी चारपासूनच सुरू करायची म्हणजे निर्णय घ्यायची घाई सरावातच होते.

बचावात फक्त माणसागणिक मार्किंग आणि एकच फोर्स (थ्रोअरला ठरलेल्या एकाच बाजूला फेकायला लावणं), फोरहँड. मार्कर थ्रोअरच्या बॅकहँडची बाजू अडवतो, गुडघे वाकलेले, हात खाली, कारण पास त्याच्या हाताखालून जातात. दोघांच्यात निदान एका डिस्कच्या रुंदीइतकं अंतर हवं. बाकी सहा जणांनी आपापल्या माणसाच्या मोकळ्या बाजूला उभं राहायचं. मार्कर एकीकडे फोर्स करतोय आणि मागचे भलतीकडे उभे आहेत, ही तक्रार मोसमभर पुरते.

सिअ‍ॅटलचा_पाऊस

स्टॅकमधला_पाचवा, बाकी सगळं पटलं, पण झोन (माणूस धरण्याऐवजी जागा वाटून घेतलेला बचाव) अगदीच सोडू नये असं माझं मत. वसंतात वारा असतो आणि वाऱ्यात थ्रोअरसमोर तीन जणांचा कप (अर्धवर्तुळाकार कडं) लावला तर नवख्या टीमला त्याच्यावरून फेकता येत नाही.

स्टॅकमधला_पाचवा

त्याच कारणासाठी मी पहिल्या मोसमात नको म्हणतो. गुण मिळतात ते समोरच्यांच्या चुकांमुळे आणि आपल्या मुलांना माणूस धरून धावायची सवयच लागत नाही. शिवाय कपमध्ये मार्कर सोडून कोणी थ्रोअरच्या दहा फुटांच्या आत असेल आणि दुसऱ्या आक्रमकाला मार्क करत नसेल, तर डबल टीम (दोघांनी एकाला अडवल्याचा नियमभंग) होते. नवख्यांकडून ते सारखं घडतं. समोरच्यांच्या झोनविरुद्ध कसं खेळायचं एवढं मात्र नक्की शिकवा : धीराने आडवे छोटे पास, कपच्या मागे दोघं आणि लांब फेकायची घाई नाही.

नियमावली_उशाशी

वादांबद्दल राहिलं होतं. या खेळात पंच नसतात, मोठ्या स्पर्धांत ऑब्झर्व्हर (खेळाडूंचं जमलं नाही तर निर्णय देणारे निरीक्षक) असतात तेवढेच. कॉल खेळाडूच करतात आणि सोडवतातही. कोचने काठावरून 'फाउल!' किंवा 'आउट!' ओरडायचं नाही. कोणी नियम विचारला तर नियम सांगायचा, काय घडलं याचा निवाडा द्यायचा नाही. म्हणून सामन्यात तुम्ही जे करू शकत नाही ते सरावात शिकवावं लागतं.

क्रम पाठ करून घ्या. झेलणाऱ्याने 'फाउल' म्हटलं की खेळ थांबतो. तो शांतपणे सांगतो, 'डिस्क यायच्या आधी माझ्या हाताला धक्का लागला.' समोरचा एकतर मान्य करतो किंवा 'कॉन्टेस्ट' म्हणतो. मान्य केलं तर जिथे फाउल झाला तिथे झेलणाऱ्याला डिस्क. कॉन्टेस्ट केलं तर डिस्क मूळ थ्रोअरकडे परत. तुमच्या नियमांत अशा वेळी मोजणी पाचच्या पुढे गेलेली असेल तर सहापासून सुरू होते. मग बचावपटूने डिस्कला हात लावून चेक करायचा आणि खेळ चालू. अर्ध्या मिनिटात दोघांचं जमत नसेल तर डिस्क परत द्या आणि पुढे चला, ही शिस्त लावा.

आणखी तीन गोष्टींवर भांडणं होतात. सीमारेषा म्हणजे आउट. गोल लाइन एंड झोनचा भाग नाही, तिच्यावर पाय पडला तर गोल नाही. आणि पिक (मधे आलेल्या खेळाडूमुळे बचावपटूला आपल्या माणसामागे जाता न येणं) कॉल करायला बचावपटू आपल्या माणसापासून दहा फुटांच्या आत असावा लागतो. वीस फूट मागे राहिलेल्याने पिक म्हणू नये.

स्पिरिटचे (खेळभावनेचे, सामन्यानंतर समोरच्या टीमला द्यायचे) गुण कसे देतात तेही मुलांना दाखवा : नियमांचं ज्ञान, फाउल आणि अंगाला भिडणं, निष्पक्षपणा, वृत्ती आणि संयम, संवाद. प्रत्येकी ० ते ४. नेहमीच्या चांगल्या खेळाला २, म्हणजे एकूण १०. १० मिळाले म्हणून मुलं खट्टू होतात, ते कमी नाहीत हे आधीच सांगा. आणि पालकांना पहिल्याच ईमेलमध्ये लिहा की काठावरून कॉल करायचे नाहीत.

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार, शिक्षिकांना आजच ईमेल केली. दोन शंका. मिक्स्डमध्ये मुलींना पास मिळत नाहीत, ही तक्रार आधीच्या मोसमापासून आहे. 'मुलीच्या हातून गेल्याशिवाय गोल नाही' असा नियम सरावात करावा का? आणि २२ जणांना सामन्यात वेळ कसा वाटायचा?

खुंटावरची_हुलकावणी

तो नियम करू नका. मुलीला पास देणं हे उपकार किंवा दंड असल्यासारखं होतं आणि बचाव करणाऱ्यांना आधीच कळतं की आता डिस्क कोणाकडे जाणार. त्याऐवजी पहिल्या आठवड्यापासून दोन-तीन मुलींना हँडलर (डिस्क सांभाळून पास देणारे मुख्य खेळाडू) करा. हँडलरला टाळून खेळताच येत नाही. दोन सरावांनंतर त्यांचे थ्रो इतरांच्या पुढे जातात, कारण डिस्क सारखी हातात असते. दुसरं म्हणजे छोट्या सामन्यांचा व्हिडिओ फोनवर घ्या आणि मोकळी असूनही न दिसलेली खेळाडू दाखवा, मग ती मुलगी असो वा मुलगा. फेकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पटतं. व्हिडिओची परवानगी मात्र पालकांकडून आणि शाळेकडून आधी घ्या.

स्टॅकमधला_पाचवा

वेळेसाठी कागद, क्लिपबोर्ड आणि पेन्सिल. डावीकडे २२ नावं, मुलं आणि मुली वेगळ्या रंगात. खेळलेल्या प्रत्येक गुणासाठी नावापुढे एक रेघ. बदली फक्त गोलनंतर किंवा दुखापतीत होते आणि दोन गुणांच्या मधे जेमतेम दीड मिनिट मिळतं, म्हणून पुढची सात नावं गुण चालू असतानाच ठरवून ठेवा. मिक्स्डमध्ये सहसा चार-तीनचं प्रमाण दर दोन गुणांनी उलटतं : पहिल्या गुणाला चार मुलगे असतील तर पुढच्या दोन गुणांना चार मुली, मग पुन्हा दोन गुण चार मुलगे. तुमच्या लीगमध्ये हेच आहे का ते विचारा आणि कागदाच्या वरच्या ओळीत गुणागणिक प्रमाण लिहून ठेवा, नाहीतर गोंधळात पाच मुलगे रेषेवर उभे राहतात.

दोन कोच आहात तर कामं वाटा. एकाने फक्त ओळ लावायची, दुसऱ्याने खेळ बघायचा. दोघं एकदम सूचना द्यायला लागले की मुलं कोणाचंच ऐकत नाहीत.

सिअ‍ॅटलचा_पाऊस

मदतीला हात हवे असतील तर तुमच्यासारखी जागा नाही. हा खेळ १९६८ मध्ये तुमच्याच राज्यात, मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये सुरू झाला. शाळांमधला पहिला सामना ७ नोव्हेंबर १९७० रोजी कोलंबिया आणि मिलबर्न या दोन शाळांत झाला, आणि कॉलेजांमधला पहिला ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात. त्या परिसरात खेळून मोठी झालेली माणसं अजून आहेत. एडिसनहून रटगर्स जवळ पडतं, तिथल्या विद्यार्थी खेळाडूंना विचारून बघा. थ्रोच्या २५ मिनिटांत दोन चांगले हात जरी मिळाले तरी प्रत्येक जोडीकडे लक्ष जातं. त्यांचीही डिस्ट्रिक्टची तपासणी आधी होऊ द्या.

वाऱ्याचं एक राहिलं. वाऱ्याविरुद्ध डिस्क वर उचलली जाते आणि पाठीमागून वारा असेल तर लवकर खाली बसते. म्हणून वाऱ्याविरुद्ध पुढची कड खाली, थ्रो बुटका आणि फिरकी जास्त, ताकद जास्त नाही. वाऱ्याच्या दिवशी सराव रद्द करू नका. उलट जोड्या वाऱ्याच्या दिशेत उभ्या करा म्हणजे एक जण वाऱ्याविरुद्ध फेकतो आणि एक वाऱ्याबरोबर, आणि पाच मिनिटांनी बाजू बदला.